भय्या म्हणजे भाऊच ना?

नवी मुंबईत, घणसोलीतल्या आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी लिफ्टशेजारी एक सूचना लागली : 'भय्या लोकांनी मोठ्या लिफ्टचाच वापर करावा. आदेशावरून.' मोठी लिफ्ट म्हणजे सामानाची. आठवडाभर ती पाटी कुणालाच खटकली नाही, मलाही नाही. मग मासिक सभेत अकराव्या मजल्यावरचे एक गृहस्थ उठले. मूळचे गोरखपूरकडचे, बँकेत अधिकारी, मुलगी इथल्याच शाळेत. स्वच्छ मराठीत म्हणाले, "मी कुठल्या लिफ्टनं जायचं, तेवढं सांगा."

सेक्रेटरी गडबडले. "अहो, तुम्हाला नाही म्हटलेलं. भय्या म्हणजे आपलं... दूधवाला, भाजीवाला, ते पार्सलवाले."

"पार्सल आणणारा मुलगा सोलापूरचा आहे."

"हो, पण म्हणजे..."

मागून कुणीतरी म्हणालं, "भय्या म्हणजे भाऊच ना? यात वाईट काय?" आणि मग जे पेटलं ते पाऊण तास. पाण्याच्या टाकीची गळती पुढच्या महिन्यावर गेली.

'भाऊच ना' हा युक्तिवाद आपण सगळेच कधी ना कधी करतो. शब्दाचा मूळ अर्थ काढून दाखवायचा, तो चांगला निघाला की हात झटकायचे. तो का चालत नाही हे समजून घ्यायला फार लांब जावं लागत नाही, थोरल्या भावाला आपण काय काय म्हणतो एवढं पाहिलं तरी पुरतं. मराठीत दादा. हिंदीत भय्या. गुजरातीत भाई. कन्नड, तमिळ, तेलुगूत थोड्याफार फरकानं अण्णा. अर्थ एकच. आता हेच शब्द ठाण्याच्या स्टेशनबाहेर उभे राहून ऐका. भाई म्हटलं की वस्तीतला गुंड डोळ्यासमोर येतो. अण्णा म्हणजे इडलीवाला. दादाचे दोन तुकडे झालेत : रिक्षावाल्याला आदरानं हाक मारायची तर दादा आणि दादागिरी म्हटलं की सरळ गुंडगिरी. भय्या म्हणजे टोपली किंवा सायकल घेऊन आलेला उत्तरेकडचा माणूस, ज्याच्याशी घासाघीस करायची असते. चारही भाऊच, पण एकानंही घरातली जागा राखली नाही. भाषाशास्त्रात याला अर्थापकर्ष म्हणतात. शब्द तोच राहतो, त्याची पत खाली येते.

पत कोण खाली आणतं? शब्द आपोआप गढूळ होत नाही. शिवसेनेची स्थापना १९६६ची. तिच्या पहिल्या वर्षांत रोख होता दाक्षिणात्यांवर. 'यंडुगुंडू' हा शब्द आणि 'हटाव लुंगी, बजाव पुंगी' ही घोषणा त्या काळातली. तेव्हा मुंबईत सरसकट सगळा दक्षिण भारत 'मद्रासी' होता, मग माणूस मंगळूरचा असो की कोट्टायमचा. मद्रास राज्याचं नाव १९६९ मध्ये तमिळनाडू झालं, पण मुंबईच्या तोंडातला मद्रासी पुढं कित्येक वर्षं तसाच राहिला. आज 'अण्णा' ऐकताना त्यात फारसा काटा जाणवत नाही, कारण त्या शब्दामागची काठी खाली ठेवली गेली. ती काठी नंतर दुसऱ्यांवर उगारली गेली. २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली, ती अंगावर झेलताना त्यांनी कुठला शब्द ऐकला असेल हे सांगायला नको. त्यानंतर 'भाऊच ना' म्हणणं म्हणजे काठीकडे बोट दाखवून 'लाकूडच ना' म्हणण्यासारखं आहे.

यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. आपण कुणाला दादा म्हणतो आणि कुणाला भय्या, हे ठरतं कसं? माणूस समोर आला की अर्ध्या सेकंदात आपण त्याचा चेहरा, कपडे, बोली पाहून त्याला एका खणात टाकतो. मराठी वाटला तर दादा किंवा काका. उत्तरेकडचा वाटला तर भय्या. रखवालदार नेपाळी वाटला तर बहादूर. 'बहादूर' हे नेपाळी माणसाच्या नावाच्या मधोमध खरोखरच येतं, त्यामुळे हाक मारणाऱ्याला वाटतं की आपण नावानंच बोलावतोय. पण गेटवरचे तिघेही बहादूर, आधीचे दोघेही बहादूर, आणि त्यांच्यातल्या एकाचं नाव प्रत्यक्षात प्रेम. म्हणजे हाक मारतानाच चाळण लागलेली असते. म्हणून गोरखपूरच्या गृहस्थांचा प्रश्न इतका नेमका होता. सेक्रेटरी त्यांना 'साहेब' म्हणत होते. त्यांच्याच जिल्ह्यातून आलेला दूधवाला भय्या. दोघांमध्ये फरक फक्त पगाराचा, आणि शब्द मात्र प्रांताचा वापरलेला.

आता थोडं घरचं. आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो (हो, तोच शब्द, आमच्याकडे त्याला इडलीचा वास नाही). आण्णा माथाडी. आधी मशीद बंदरला आणि बाजार इकडं हलल्यावर वाशी-तुर्भ्याला, जन्मभर गोण्या वाहिल्या. मशीद बंदरला पेढीवरचा मेहताजी गॅलरीतून ओरडायचा, "ए घाटी, इधर आ." खाली चाळीस माणसं. चाळीसही घाटी. ज्याला काम हवं तो धावायचा.

'घाटी' हा शब्द मुळात भूगोलातला आहे. कोकणातून पाहिलं तर सह्याद्रीच्या पलीकडचा, घाटावरचा तो घाटी. कोकणी माणूस आजही देशावरच्या जावयाला चिडवायला तो वापरतो, आणि जावई त्याला 'भाताचा' म्हणून परत चिडवतो. ते खेळीमेळीचं. मुंबईत मात्र या शब्दाचा प्रवास वेगळा झाला. गोण्या वाहणारे, गिरणीत राबणारे, घरगडी म्हणून राहिलेले बहुतेक मराठी, म्हणून घाटीचा अर्थ झाला मराठी मजूर, आणि तिथून पुढं नुसताच 'अडाणी, गबाळा'. इतका की आयुष्यात घाट न चढलेला रत्नागिरीचा माणूसही घाटी झाला. घरगड्याला तर नावही ठरलेलं होतं : रामा. त्याचं नाव बाळकृष्ण असो की धोंडू, शेठाणीच्या घरी तो रामाच. पोलीस हवालदार असेल तर पांडू. आपल्याच देवांची नावं, आपल्यालाच लावलेली, आणि तरी ऐकताना कान तापतात. यात वाईट काय, असं तेव्हा आपल्याला कुणी विचारलेलं आवडलं नसतं.

१९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला हा कायदा मजुरी, भविष्य निर्वाह निधी वगैरेंसाठी ओळखला जातो. पण आण्णांच्या सांगण्यात वेगळीच गोष्ट वर येते. त्यांची नोंदणी व्हायला दोन वर्षं गेली. झाली तेव्हा मंडळाच्या पुस्तकात वडिलांच्या नावासकट त्यांचं पूर्ण नाव लिहिलं गेलं, आणि पगाराच्या दिवशी ते मोठ्यानं पुकारलं गेलं. "मुंबईत आल्यापास्नं पयल्यांदा कुणी पुरं नाव घेतलं," असं ते म्हणतात.

आणि हेच आण्णा खिडकीतून खाली ओरडतात, "ए भय्या, मेथी कशी दिली?" लिफ्टचं प्रकरण झालं त्या रात्री मी त्यांना विचारलं. म्हणाले, "मग काय म्हणू? नाव कुठं ठावं हाय मला?"

"विचारलंत कधी?"

"त्या मेहताजीनं तरी कुठं इचारलं हुतं?"

यावर मला काही बोलता आलं नाही. हा बचाव होता की कबुली, ते अजून ठरवता आलेलं नाही.

सभेत एक वकीलबाई होत्या. त्यांनी सांगितलेल्या एका निकालामुळे 'मूळ अर्थ' हा मुद्दा माझ्यापुरता तरी निकाली निघाला. सर्वोच्च न्यायालयाचा २००८चा स्वरन सिंग खटला. एका ड्रायव्हरला त्याच्या जातीच्या नावानं, 'चमार' म्हणून, हिणवलं गेलं होतं. शब्द तर सरकारी यादीत आहे, जातीचं नावच आहे, मग अपमान कसा? न्यायालयानं सांगितलं की शब्दाची व्युत्पत्ती पाहायची नाही, वापरातून लोकांमध्ये त्याला जो अर्थ आला आहे तो पाहायचा. आणि आज तो शब्द हिणवण्यासाठीच वापरला जातो. त्याच निकालात 'लोकांच्या नजरेसमोर' म्हणजे काय याचाही उलगडा आहे. घटना खासगी आवाराच्या गेटपाशी घडली होती, तरी ती जागा चार लोकांना दिसण्याजोगी होती, म्हणून ती लोकांच्या नजरेसमोरचीच धरली. सोसायटीत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं : गेट, पार्किंग, लिफ्टची लॉबी ही काही आपल्या घरातली माजघरं नव्हेत.

पण कायद्याचा हात किती लांब पोचतो, तेही नीट माहीत हवं. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९चा. तो लागू व्हायला हिणवलेली व्यक्ती अनुसूचित जाती किंवा जमातीची असावी लागते. भय्या, घाटी, मारवाडी यांना तो लागत नाही. धर्म, भाषा, जन्मस्थान यांवरून गटागटांत वैर पेटवणं हा निराळा गुन्हा आहे, पूर्वीच्या दंड संहितेतलं कलम १५३अ, आताच्या न्याय संहितेतलं १९६. पण बाजारात मारलेली एक हाक तिथवर पोचत नाही. २०२५ मध्ये झारखंडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढं 'मियाँ-तियाँ' आणि 'पाकिस्तानी' असं म्हटल्याची तक्रार होती. न्यायालय म्हणालं, हे बोलणं अभिरुचीला सोडून आहे, पण धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा यातून होत नाही. मला हा निकाल बरोबर वाटतो. गुन्हा आणि असभ्यपणा यांच्यामध्ये बरीच मोठी मोकळी जागा आहे आणि आपलं रोजचं बोलणं तिथंच चालतं. 'कायद्यात बसतं का' एवढंच विचारणारा माणूस त्या जागेला मोकाट रान समजतो.

ईशान्येकडच्या मुलामुलींना 'चिंकी' म्हणण्याबाबत हा गोंधळ ठळक दिसला. २०१२ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयानं राज्यांना कळवलं की ईशान्य भारतातल्या पीडित व्यक्ती अनुसूचित जमातीच्या असतील तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लावावा. बातम्या झाल्या, 'चिंकी म्हणाल तर तुरुंगात जाल'. पण मणिपूरचा मैतेई मुलगा अनुसूचित जमातीत येत नाही. त्याच्याच वर्गातल्या नागा मुलीला जे संरक्षण, ते त्याला नाही, आणि शब्द मात्र दोघांना एकच. पुढं जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपत नगरात निदो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याला त्याच्या दिसण्यावरून टोमणे मारले गेले, बाचाबाची झाली, मारहाण झाली आणि त्यात तो गेला. मग बेझबरुआ समिती आली, वांशिक टोमण्यांसाठी स्वतंत्र कलम असावं अशी तिनं शिफारस केली. सुरुवात 'गमती'च्या एका शब्दानं झाली होती एवढं लक्षात राहिलं तरी खूप.

इथपर्यंत माणसाला तोंडावर लावलेल्या शब्दांचं झालं. मला जास्त अस्वस्थ करतात ते दुसऱ्या जातीचे शब्द. (पाहा, 'दुसऱ्या जातीचे' हाही वाक्प्रचार किती सहज आला.) त्यांत समोर कुणीच नसतं. आपण एखाद्या दुर्गुणाबद्दल बोलत असतो आणि त्या दुर्गुणाला एका समाजाचं नाव दिलेलं असतं.

सकाळचा पेपर उघडा. ठाण्याच्या पानावर रोज एक तरी भामटा असतो. पोलीस असल्याची बतावणी करून आजीबाईंच्या बांगड्या नेणारा भामटा, वीजबिलाच्या नावानं खातं रिकामं करणारा ऑनलाइन भामटा. माझ्या हातूनही हा शब्द शेकडो वेळा लिहिला गेलाय. एकदा मुलीच्या प्रवेशासाठी जातींच्या सरकारी याद्या चाळताना विमुक्त जातींची यादी समोर आली. चौदा नावं. बेरड, कैकाडी, रामोशी, वडार... आणि त्यांत भामटा. पुढं राजपूत भामटा. म्हणजे कुणाच्या तरी दाखल्यावर, सही-शिक्क्यासह, जात म्हणून हा शब्द लिहिलेला असतो. तो दाखला घेऊन एखादा मुलगा ठाण्याच्या कॉलेजच्या खिडकीपाशी उभा असेल, आणि खिडकीपलीकडच्या कारकुनाच्या टेबलावर पेपर पडलेला असेल.

'विमुक्त' म्हणजे कशातून मुक्त, हे शाळेत कुणी नीट सांगत नाही. १८७१ मध्ये इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यात गुन्हा सिद्ध करण्याची भानगडच नव्हती, अख्खी जमातच जन्मानं गुन्हेगार ठरवता येत होती. माणसांची नोंद, पोलिसांकडे हजेरी, हिंडाफिरायला परवानगी. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत होती, तो भाग आजही सेटलमेंट म्हणून ओळखला जातो. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. त्या दिवशी माणसं विमुक्त झाली, शब्द झाला नाही. समाजाचं नाव हेच गुन्ह्याचं नाव, हे समीकरण ज्या कायद्यानं पक्कं केलं तो गेला, आणि आपण ते मथळ्यांत चालू ठेवलं.

हे जुनं झालं असं वाटत असेल तर कल्याणकडं बघा. आंबिवलीत इराणी वंशाच्या शिया मुसलमानांची वस्ती आहे. सोनसाखळी चोरीच्या बातम्यांत 'इराणी टोळी' हा शब्द इतक्यांदा आला की आता कल्याण-डोंबिवलीत नुसतं 'इराणी' म्हटलं तरी बायका मंगळसूत्र पदराखाली घेतात. त्या वस्तीतले काहीजण गुन्हे करतात, पोलिसांनी ते पकडलेही आहेत, यात वाद नाही. पण तिथंच राहून साखळी न ओढणाऱ्या माणसानं स्वतःला काय म्हणवून घ्यायचं? गंमत म्हणजे तोच शब्द मुंबईत गेला की बन-मस्का आणि पाणीकम चहा होतो. ते इराणी वेगळे, बहुतेक झरथुष्ट्री. शब्द एक, एका स्टेशनावर चहा, दुसऱ्यावर चोरी. भामट्याचं जे शंभर-दीडशे वर्षांत झालं ते इराणीचं आपल्या डोळ्यांदेखत होतंय. आणि 'टोळी' म्हणाल, तर माथाडींच्या नोंदणीकृत गटालाही टोळीच म्हणतात. आण्णा चाळीस वर्षं टोळीत होते!

चांभारचौकशी हा असाच एक. मी तो आवडीनं वापरायचे, कारण त्यात अनुप्रास आहे, ठसका आहे. नको त्या बारीकसारीक विचारपुशीला इतका नेमका शब्द दुसरा नाही. पण ज्या समाजानं कागदोपत्री आणि बोलण्यात आपलं नाव चर्मकार व्हावं म्हणून आग्रह धरला, ज्याच्या नावानं राज्यात संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आहे, त्याच्या माणसासमोर हा शब्द मी उच्चारू शकते का? नाही. तो समोर नसताना का उच्चारते मग? कार्यालयात आम्ही दहाजण असतो, कुणाचं आडनाव काय आणि त्यामागं काय, ते मला माहीत नसतं. मी आता 'नसत्या चौकशा' म्हणते. ठसका कमी झाला, कबूल.

यावर नेहमीचं उत्तर येतं की आपल्या म्हणींत ब्राह्मणही सुटलेला नाही, भटाला दिली ओसरी वगैरे. खरंय. पण भटाची ओसरी ऐकून कुणा जोशींना भाड्यानं घर नाकारलं गेलेलं नाही. शब्दाचं वजन तो कुणाच्या पायावर पडतो त्यावरही असतं. पठाणी व्याज, मारवाडीपणा हे मध्ये कुठंतरी बसतात. काबूल-पेशावरकडचे पठाण सावकार गिरणगावात पगाराच्या दिवशी दांडकं घेऊन उभे राहायचे, ते आठवणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही, तरी कर्ज देणाऱ्या ॲपची बातमी आली की मथळा 'पठाणी वसुली'. मारवाडी व्यापारी स्वतःच हसून म्हणेल, 'मारवाडी है, हिसाब तो पक्का होगा.' त्याच्याकडे दुकान आहे, त्याला हसणं परवडतं. तरी दुष्काळात जैसलमेरहून खडी फोडायला आलेला मजूरही मारवाडीच असतो हे आपण विसरतो.

सगळेच शब्द काही जिवंत नसतात. 'मोगलाई लागून गेलीय का?' म्हणताना कुणा मोगलाचा अपमान होत नाही. पेंढाऱ्यांचा इंग्रजांनी १८१७-१८ मध्ये निकाल लावला, त्यानंतर पेंढारी हे नुसतं विशेषण उरलं. अशांच्या मागं लागू नये. हबशी मात्र मेलेला नाही. मुळात अरबीतलं 'हबश', म्हणजे आजचा इथिओपिया, तिथून आलेला तो हबशी. जंजिऱ्याचे सिद्दी, मलिक अंबर, ही आपल्या इतिहासातली मोठी नावं. पण आपल्या बोलण्यात उरलाय तो फक्त 'हबशासारखा काळा'. नवी मुंबईत शिकायला आलेला आफ्रिकन विद्यार्थी बसमध्ये चढला की मागच्या सीटवरून हा शब्द येतो, त्याला कळणार नाही या खात्रीनं.

नवी मुंबईकरांनी तर एका वाक्प्रचाराबद्दल थोडं थांबायला हवं : 'काय मच्छीबाजार मांडलाय!' किंवा 'कोळणीसारखी भांडू नकोस.' सिडको १९७० मध्ये आली आणि ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं. ती गावं प्रामुख्यानं आगरी-कोळ्यांची. त्यांच्या खाजणांवर, मिठागरांवर बांधलेल्या इमारतीत बसून मिटिंगमध्ये गलका झाला की आपण म्हणतो, मच्छीबाजार. माझी मैत्रीण दिवाळ्याची, तिची आई अजून मासळी विकते. ती एकदा म्हणाली, "आमच्या बाजारात भाव समोर, माल समोर, दोन मिनिटांत सौदा संपतो. तुमच्या सोसायटीच्या सभेला मच्छीबाजार म्हणून आमची बदनामी का करता?" टाकीच्या गळतीचं काय झालं ते आठवून मी गप्प बसले.

हीच मैत्रीण स्वतः मात्र लग्नात नाचताना ओरडते, "आम्ही आगरी-कोळी, आमचा नाद करायचा नाय!" मग तिला चालतं, आम्हाला का नाही, असा प्रश्न हमखास येतो. आईनं 'गाढवा' म्हटलेलं आणि शेजाऱ्यानं म्हटलेलं यांत जो फरक, तोच. एखादा समाज शिवीचाच झेंडा करतो तेव्हा तो झेंडा त्याच्या हातात शोभतो. पाकिटावर 'घाटी मसाला' छापून विकणारा माणूस बहुधा स्वतः घाटी असतो, म्हणून आम्हाला ते पाकीट बघून बरं वाटतं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा 'दलित' हा शब्द कुणी दिलेला नव्हता, घेतलेला होता.

दिलेल्या शब्दाचं काय होतं, त्याची एक गोष्ट याच मुंबईतली आहे. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात स्थानिक मंडळांविषयीच्या एका विधेयकात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द घातला गेला. डॉ. आंबेडकरांच्या पक्षानं विरोध केला : आम्हाला काय म्हणायचं ते आम्हाला विचारा. दुसऱ्या बाजूला बहुमत होतं आणि शब्दाचा अर्थही उत्तम होता, देवाची माणसं. सूचना फेटाळली गेली, आणि आंबेडकर आपल्या सदस्यांसह निषेध म्हणून सभागृहातून बाहेर पडले. पुढं १९८२ मध्ये केंद्र सरकारनंच हा शब्द वापरू नका असं राज्यांना सांगितलं. आमच्या सभेतला 'भाऊच ना' हा त्याच जातकुळीतला युक्तिवाद. अर्थ चांगला आहे हे म्हणणाऱ्यानं ठरवायचं, आणि ज्याला म्हटलं त्यानं मान डोलवायची.

नावं बदलून काय होतं, असंही विचारतात. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. गावात लोक अजून जुनंच म्हणतात, मान्य. पण मुलाला पोस्टाच्या पत्त्यावर, परीक्षेच्या फॉर्मवर आता समतानगर लिहिता येतं. नवं नावही उद्या गढूळ होईल का? होऊ शकतं. भांडं घासून ठेवलं तरी पुन्हा खरकटं होतंच, म्हणून घासायचं कुणी सोडत नाही.

आणि ठाणेकरांना हे समजावून सांगायला लागू नये. शहराच्या नावाची थट्टा म्हणजे काय हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. १९०१ पासून ठाण्यात मनोरुग्णालय आहे, तेव्हापासून महाराष्ट्रात कुणी जरा वेगळं वागला की 'याला ठाण्याला पाठवा'. कोल्हापूरला, नागपूरला पाहुणे गेलो आणि ठाण्याचे म्हणून सांगितलं की समोरचा हसू दाबतो. आपण वरवर हसतो. दहाव्यांदा हसताना चेहऱ्याचं काय होतं, ते आरशात बघायला हवं. आणि आपल्याला तर हा विनोद सोडून दुसरं काहीच सोसावं लागत नाही.

सोसायटीच्या पाटीचं सांगायचं राहिलं. पुढच्या सभेत ती बदलायचं ठरलं. नवा मजकूर लिहायला बसल्यावर सेक्रेटरींच्या लक्षात आलं की त्यांना नेमकं काय म्हणायचंय तेच त्यांना नीट माहीत नव्हतं. माणसं नको होती की क्रेट नको होते? शेवटी लिहिलं, 'मोठं सामान घेऊन जाणाऱ्यांनी मोठी लिफ्ट वापरावी.' चार दिवसांनी सेक्रेटरी कुंभारवाड्यातून आणलेल्या तीन कुंड्या आणि मातीची गोणी घेऊन छोट्या लिफ्टपाशी उभे होते. दूधवाल्यानं पाटीकडं बोट दाखवलं. ते मुकाट्यानं पलीकडं सरकले, आणि मोठ्या लिफ्टमध्ये आधीच भाचीची सायकल घेऊन बँकवाले साहेब उभे होते.